शेवटचं पान आधी

आत्या, मागच्या रविवारी वारज्याच्या आमच्या वाचक गटात मी तुझ्याबद्दल एक गोष्ट चुकीची सांगितली. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायला तू शिकवलंस, असं म्हणाले. ते खरं नाही. तू तर पुस्तक हातातून काढून घेतलं होतंस.

दम्यामुळे मी शाळेत उशिरा गेले. तोवरची माझी शाळा म्हणजे तुझं स्वयंपाकघर. तू मटार सोलते आहेस, मी ओट्याला टेकून मोठ्याने वाचते आहे आणि मध्येच गप्प झाले आहे. तू वळून बघतेस तर मी शेवटच्या पानावर. "काय चाललंय?" "कुत्रं मरतं का, ते बघतेय." "मग?" "नाही मरत." तू पदराला हात पुसलेस आणि पुस्तक घेतलंस. "शेवट आधी बघणारी माणसं लग्नाला जाऊन थेट पंगतीत बसतात. आता काय उरलं वाचायचं?" संध्याकाळी पुस्तक परत मिळालं तेव्हा मी ते पहिल्या पानापासून वाचलं, आणि इतकी मजा मला त्याआधी कुठल्याच पुस्तकात आली नव्हती.

पुढे मी हे चोरून करत राहिले. सिनेमाचं तिकीट काढण्याआधी फोनवर अख्खी कथा वाचते. खराडीला ऑफिसात डबा खाताना कुणी नव्या सिनेमाचं नाव काढलं की सगळे कानांवर हात ठेवतात, "स्पॉइलर नको हं." मीही ठेवते, सगळं माहीत असून. खरे रसिक असं करत नाहीत, आपल्यातच काही कमी आहे, असं मला वाटायचं.

रविवारी गटात विषय तोच निघाला आणि मी बोलून गेले. म्हटलं, घाबरलेल्या माणसाला गोष्ट दिसत नाही, धोका तेवढा दिसतो. कुत्रं जगणार हे एकदा कळलं की मला ते कुत्रं दिसायला लागतं. फाटकाची कडी सैल आहे हे लेखकाने किती आधी, किती सहज सांगून ठेवलंय ते दिसतं. निवृत्त बँकवाले काका चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे तेरावा आधी आणि बारसं नंतर." सगळे हसले. मी म्हणाले, "काका, तुम्ही तेच नाटक सहा वेळा पाहिलंय. सातव्यांदा शेवट बदलेल म्हणून जाता का?" "नट बदलतात." "मग मीही नटच बघायला जाते." आता हसले ते माझ्या बाजूने. काकासुद्धा. आत्या, मी जिंकले. 'आता काय उरलं वाचायचं?' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एवढ्या वर्षांनी, भर सभेत आलं.

मग काकांनी विचारलं, "हे शिकवलं कुणी तुला?" आणि मी घाबरून तुझं नाव पुढे केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जुन्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही.

मी नववीत असताना तू गेलीस. तुझं काय होणार ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीला कळू देऊ नका, असं तूच बजावलं होतंस. मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर त्या शेवटच्या महिन्यात तुझ्या खाटेशी बसून मी भूगोल पाठ केला नसता. तुझ्याकडे बघितलं असतं. या एका बाबतीत तू चुकलीस, आणि हे मी तुलाच लिहिते आहे, याचं मलाच नवल वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. दुरुस्ती मात्र गटात करायची आहे. स्वतःचं श्रेय स्वतः मागायचं म्हटलं की मला अजून घाम फुटतो, हे फक्त तुला सांगते. त्यांना एवढंच सांगेन: वाचायला आत्याने शिकवलं, शेवटापासून वाचायला मी माझी शिकले. येत्या रविवारी, चहा यायच्या आत.