उशीच्या अभ्र्याचे दोन कोपरे

प्रिय आई,

पत्र बघून हसशील. फोन असताना कागद कशाला खराब केलास, म्हणशील. पण फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस, मी "हो" म्हणते, आणि लगेच "बरं, ठेवते, गिऱ्हाईक आलंय" म्हणतेस. गिऱ्हाईक आलेलं नसतं, हे मला कळतं. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

परवा एका वाचनालयात गायले. खुर्च्या मीच मांडल्या, वायरी मीच जोडल्या, दाराशी तिकिटंही मीच फाडली. मग गिटार घेऊन पुढे गेले, तेव्हा पहिल्या रांगेतले आजोबा आजींना म्हणाले, "अगं, ही तर मघाची तिकीटवाली!" सगळे हसले. मीही हसले. सुरुवातीला अशा खोल्यांत दहा-अकरा माणसं यायची, त्यातली दोन पुस्तकं बदलायला आलेली असायची. आता खुर्च्या कमी पडतात. गाणी मी लिहिते, मी गाते, रेकॉर्डचे खोकेही मीच उचलते. पाठ दुखते. पण गाण्यावर पोट भरतं, आई. तू विचारत नाहीस, म्हणून सांगितलं.

त्या रविवाराबद्दल आपण कधीच बोललो नाही. तुझ्या दुकानातली ट्रायल रूम मी मागून घेतली होती. चारी बाजूंनी पडदे, बाहेर कापडांचे गठ्ठे. आवाज घुमत नाही अशी दुसरी जागा माझ्या ओळखीत नव्हती. रेकॉर्डिंगचं यंत्र मैत्रिणीकडून एका दिवसापुरतं आणलेलं. तू शिलाई मशीन बंद ठेवायचं कबूल केलं होतंस. पण दवाखान्याचे साठ अभ्रे सोमवारी सकाळी द्यायचे होते. मी गात होते आणि तू पडद्यापलीकडे हातानं चाक फिरवत एकेक टाका घालत होतीस. मला कळलं ते यंत्र परत देऊन आल्यावर, रेकॉर्डिंग ऐकताना. शेवटच्या गाण्यात आवाजामागे सारखं टक, टक, टक. मी तुझ्यावर ओरडले. तू म्हणालीस, "पाय लावलाच नाही गं मी. हातानंच फिरवलं. हाताचा आवाज होतो का कधी?" मी म्हटलं, "एक तास गप्प बसवत नाही तुला?" तू अभ्रे घड्या घालून बांधलेस. पुढच्या महिन्यात मी इथे निघून आले.

दुसरं गाणं हाताशी नव्हतं, म्हणून ते तसंच घेतलं, रेकॉर्डच्या अगदी शेवटी टाकलं. तिथपर्यंत कोण ऐकतंय, असं वाटलं होतं. लोकांनी तिथपर्यंत ऐकलं. इतकंच नाही, तेच मागायला लागले. वाचनालयातल्या त्या आजोबांनीही तेच मागितलं. दोन वर्षांनी बरे दिवस आल्यावर मी ते चांगल्या स्टुडिओत पुन्हा करायला गेले. टकटक हवीच, म्हणून वादकानं लाकडी ठोकळा वाजवला. ताल अगदी चोख. गाणं मेलं. दिवसभर आम्ही डोकं फोडून घेतलं. शेवटी मी जुनं रेकॉर्डिंग लावून डोळे मिटून ऐकलं, तेव्हा लक्षात आलं की तू मध्येच थांबतेस. अभ्र्याच्या तीन बाजू शिवायच्या, एक उघडी ठेवायची. म्हणजे दोन कोपरे. कोपरा आला की सुई कापडातच ठेवून तू कापड वळवतेस, मग पुन्हा चाक. त्या दोन जागी मीही नकळत थांबले आहे, श्वास घेतला आहे. ठोकळा वाजवणाऱ्याला कापड वळवायचं नव्हतं. मी स्टुडिओतून तशीच परत आले.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. लोक विचारतात, हे कुठलं वाद्य? मी म्हणते, आहे एक जुनं. एका मुलाखतीत तर मी ऐटीत सांगितलं की सगळं एकटीनं उभं केलं. ते कात्रण तू दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहेस, असं मावशी म्हणाली. त्यानंतर मी मुलाखतीच दिल्या नाहीत. मावशीला वाटतं, मी लाजाळू झाले.

मंगळवारी तिचा फोन आला होता. तुझे गुडघे फार दुखतात, दुकान आवरायला घेतलं आहेस, पुढच्या आठवड्यात मशीनही देऊन टाकणार, एवढं सांगून ती ठेवणार होती. मग सहज म्हणाली, "आणि तुझं ते गाणं रेडिओवर लागलं ना, की ही उठून बंद करते. पोरीच्या गाण्यात माझी चूक वाजते, म्हणते. ऐकवत नाही." इतकी वर्षं मला वाटायचं, तू रागावली आहेस. आई, ती चूक नव्हती. ते माझं सगळ्यात चांगलं गाणं आहे आणि त्यातलं निम्मं तुझं आहे. मी शनिवारी येते आहे. यंत्र या वेळी माझं स्वतःचं आहे, परत द्यायची घाई नाही. दुकान आवरायचं तर आवर, पण मशीन कुणाला देऊ नकोस आणि ट्रायल रूमचे पडदे काढू नकोस. नवी सात गाणी तयार आहेत. आठव्याचे शब्द झालेत, चाल नाही. ती तुझ्याशिवाय जमत नाही. रविवारी मी पडद्याआड बसेन, तू तुझ्या जागी बस. काय शिवायचं ते तूच ठरव, फक्त त्याला कोपरे असू देत. रेकॉर्डवर या वेळी दोन नावं छापायची आहेत. आणि गुडघा साथ देत असेल, तर त्या दिवशी हातानं नको. पाय लाव.

तुझीच,
तिकीटवाली