रिव्हॉल्व्हरचा दाणा आणि सासूबाईंची पळी

न्युरेम्बर्ग,
१६ ऑगस्ट २००५

तीर्थस्वरूप राजाभाऊ यांस,
कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? विभावरीताईंची साखर? आमची प्रकृती उत्तम आहे, निदान माझी. तुमच्या धाकट्या बंधूंच्या प्रकृतीबद्दल नव्हे, पण अकलेबद्दल मला तक्रार करायची आहे, आणि त्यांना लहानपणापासून ओळखणारे तुम्हीच आता उरलात.

निवृत्त झाल्यापासून हे घरातल्या डब्यांना लेबलं लावत होते (तुरीच्या डाळीवर जर्मनमध्ये!), म्हणून मीच त्यांना गल्लीपलीकडच्या नेमबाजांच्या क्लबात पिटाळलं. तिथे अध्यक्ष हेर (म्हणजे इथले श्रीयुत) झाइटलर, वय ब्याऐंशी. त्यांच्या आजोबांचं एक जुनं रिव्हॉल्व्हर क्लबाच्या कपाटात गंजत होतं. क्लबाच्या शंभराव्या वर्षाच्या समारंभात, म्हणजे परवाच्या रविवारी, पहिली गोळी त्याच्यातून झाडायची असं ठरलं आणि दुरुस्ती आपल्या इंजिनिअरकडे आली. चार महिने हे आनंदात होते. गंज काढला, चाप बसवला. राहिला फक्त दाणा. नळीच्या टोकावर नेम धरायला जो मोहरीएवढा उंचवटा असतो ना, तो मूळचा कधीच पडून गेला होता. यांनी पितळेचा नवा घासून बसवला. सुरेख होता, खोटं कशाला बोलू.

शनिवारी दुपारी चाचणी झाली. गोळ्या वर जाऊ लागल्या, चांगल्या वीतभर. आता यावर काय करावं? इथल्या क्लबात खिडकी उघडायची झाली तरी सभा भरते. सभा भरली, चिटणीस वही घेऊन बसला आणि दाणा घासून आणखी बुटका करावा असा ठराव आला. गोळी वर जाते ना, मग दाणा खाली आणा, गेनाऊ, अगदी बरोबर! मी केक पोचवायला गेले होते. मी उभी राहून सांगितलं की अहो, दाणा बुटका केलात तर तो डोळ्याच्या रेषेत आणायला नळी वर उचलावी लागेल, गोळी आणखी वर जाईल. (पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले ते काय पुऱ्या लाटायला?) झाइटलर अत्यंत अदबीने म्हणाले, "फ्राउ कुंदा, पाहुण्यांना मताचा अधिकार नसतो." ठराव नऊ विरुद्ध शून्य मतांनी पास. नऊ, राजाभाऊ! नववा हात तुमच्या बंधूंचा. अडतीस वर्षं यंत्रं बनवलेला माणूस! घरी येताना विचारलं तर म्हणे, "आल्झो, म्हणजे असं की, एकटा पडलो असतो गं."

ठरावाबरहुकूम तिथल्या तिथे घासलं होतं. गोळी लक्ष्याच्या पुठ्ठ्यावरून पार मागच्या मातीत गेली. घासलेलं पितळ काही परत चिकटत नाही. साध्या परकरालासुद्धा आपण शिवणीत माया ठेवतो, पण ती या नऊ पुरुषांना कोण शिकवणार? दुसरा दाणा करायचा तर पितळेचा तुकडा नाही; यांनी होता नव्हता तो पहिल्यातच संपवलेला. आणि इथे शनिवारी दुकानं एकदा बंद झाली की सोमवारपर्यंत खिळासुद्धा मिळत नाही.

तेव्हा सांगायला वाईट वाटतं, पण सासूबाईंची पूजेतली पळी कामी आली. दांड्याचं टोक गेलं. आमच्या घरात करवत कोण चालवतो ते तुम्ही जाणताच, जास्त लिहीत नाही. दाणा मुद्दाम उंच ठेवला. गोळी खाली लागली की थोडं घासा, पुन्हा झाडा, असं मी शेजारी उभी राहून करून घेतलं. या खेपेला सभा भरू दिली नाही. रविवारी अकरा वाजता समारंभाची पहिली गोळी मधोमध लागली. चिटणिसाने वहीत "ठरावाची अंमलबजावणी यशस्वी" असं लिहिलं. मी त्याला ते खोडायला लावलं.

विभावरीताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
कुंदा

ता. क. गणपती तीन आठवड्यांवर आले. सासूबाईंच्या दोन पळ्यांपैकी दुसरी तुमच्याकडे आहे. तुमच्या स्वरूपाचा हृषिकेश महिनाअखेरीस इकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवाल का?

ता. क. २ (हा कागद वेगळा आहे. माझी पत्रं तुम्ही जेवणानंतर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवता, हा मात्र वाचू नका.) पळी मी कापली. शनिवारी घरी आल्यावर हे जेवले नाहीत. क्लबाची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, उद्या देऊन टाकतो, आता कुठल्या तोंडाने जाऊ. मग डब्यांच्या लेबलांची गुंडाळी काढून बसले. मला ते बघवेना. सकाळी हे अंघोळीला गेले तेव्हा स्वयंपाकघरात नळ सोडून मी करवत चालवली. रविवारी इथे आवाज केला तर शेजारी चिठ्ठी लावतात. बाहेर आल्यावर त्यांनी तुकडा हातात घेऊन "आईची?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, आधी घासा, मग बोला. त्यांनी डोळे पुसले आणि कानस काढली.

विभावरीताईंना मी स्वतः फोन करून सांगेन. तुम्ही सांगू नका. तुम्ही नेहमीसारखा सगळा दोष माझ्यावर ढकलाल, आणि नेमका या वेळी तो खरा निघेल.