साडेआठचा पाऊस

५ ऑगस्ट
—पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतत होते, तेवढ्यात पूर-अंदाजाची नवी अधिकारी शरयू मागे येऊन उभी. पुण्याहून येऊन तीन महिने झालेत. मी इथे हिरण नदीच्या केंद्रावर एकोणीस वर्षं पाऊस वाचते.
"ताई, हा आकडा आजच्याच तारखेला लिहायचा ना?"
"हो."
नियम तसाच आहे. काल सकाळी साडेआठपासूनचा सगळा पाऊस आजच्या तारखेला. पण पडला तो काल, हे मी बोलले नाही. तिनं विचारलं नाही.

११ ऑगस्ट
तिचा हिरण नदीचा अहवाल आला. वरचा पाऊस खालच्या नावाड्यांच्या वस्तीपर्यंत म्हणे बारा तासांत पोहोचतो! छत्तीस लागतात. नोंदवहीतल्या तारखेलाच पाऊस पडला, असं धरलं तिनं; एक अख्खा दिवस चुकला.
मोहनजी, आमचे साहेब, सगळ्यांसमोर म्हणाले, "देखा विनताताई? तीन महिन्यांत! आणि आपण काय करून राहिलो होतो इतकी वर्षं?"
सगळे हसले. मीही.
नोंदी सगळ्या माझ्या अक्षरात. तिचे गमबूट अजून कोरे.

१२ ऑगस्ट
सांगायला हवं. सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट
सकाळी वर धो धो पाऊस. तिच्या हिशेबानं पूर आज रात्री. संध्याकाळी वस्ती टेकडीवरच्या शाळेत हलवली.

२० ऑगस्ट
पाणी आलं नाही!
मोहनजी: "काहून मॅडम, तुमची नदी कटनी जंक्शनला गाडी बदलून राहिली का?" शरयू हसली नाही. नोंदवह्या काढून बसली, मग न सांगता निघून गेली. मला डबा गोड लागला.
तीन वाजता कळलं — शाळेतले लोक घरी परतायला निघालेत. पूर तर आज रात्री आहे.
सरपंचांना फोन केला. "लोकांना थांबवा, भैया!"
"मॅडमजी दोपहर से यहीं बैठी हैं. किसी को उतरने नहीं दे रहीं. हाथ जोड़ के बोलीं, गलती मेरी है, एक रात और रुक जाओ."
एवढ्या लोकांसमोर! तेही तिनंच बोलून टाकलं. मला सांगायला काही उरलंच नाही.

२१ ऑगस्ट
काल रात्री पूर आला. अकरा घरं गेली. माणसं सगळी शाळेत होती. दहा वाजता मोहनजींच्या खोलीत जाऊन सांगितलं की चूक मला अहवालाच्या दिवसापासून माहीत होती. शरयू तिथेच बसली होती, ओल्या कपड्यांत.