सतरा नंबरचा बिल्ला

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा. प्रवास छान झाला, बस वेळेवर आली, तंबूही कोरडा निघाला. वारा गार आहे आणि अंगणासारखी सपाट हिरवळ थेट समुद्रापर्यंत गेली आहे. सात दिवस या तंबूंच्या छावणीत फुकट राहायचं, परिसरातले पशुपक्षी आणि प्रेक्षणीय स्थळं पाहायची आणि छावणीच्या मालकीणबाईंना सोळा पानांची माहितीपुस्तिका लिहून द्यायची, एवढंच काम. रविवारी बायको आणि आमची लेक टिकली येणार आहेत. टिकली दुसरीत आहे, अजून प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचते. तिला मी समुद्र दाखवायचं दोन वर्षं कबूल करतोय. या वेळी शब्द मोडला तर बायको माझ्याशी बोलणं टाकेल, असं तिने फोनवर शांतपणे सांगितलं. ती शांतपणे बोलते तेव्हाच मी घाबरतो.

संध्याकाळी स्थळदर्शनाला सुरुवात केली. दीपगृह पाहिलं, त्यात दिवा नाही. शंखशिंपल्यांचं संग्रहालय पाहिलं. ते एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या पडवीत आहे आणि त्यात पोस्टमास्तरांचे स्वतःचेच अकरा फोटो आहेत. सील नावाचे प्राणी पाहिले. ते खडकावर भरलेल्या पोत्यांसारखे पडून असतात आणि तासातून एकदा कूस बदलतात. लोक हे बघायला दुर्बिणी घेऊन येतात. माणसाला घरी करमेनासं झालं की तो कशाकशाचं कौतुक करील, सांगता येत नाही.

मंगळवार, ४ तारीख

आज इथलं मुख्य आकर्षण. ओहोटी लागली की समोर मैलभर ओली रेती आणि चिखल उघडा पडतो, आणि त्यातून रोवलेल्या खांबांच्या कडेकडेने एका बेटावर जाता येतं. बेट म्हणजे चार झुडपं आणि पक्षी बघायची एक लाकडी खोपी. जायच्या वाटेवर फाटक आहे आणि फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ बसतात. सगळे त्यांना फाटकवाले काका म्हणतात. त्यांच्यामागे फळीवर खिळे आणि खिळ्यांवर पत्र्याचे नंबर घातलेले बिल्ले. जाताना बिल्ला घ्यायचा, आल्यावर त्याच खिळ्याला अडकवायचा. भरतीच्या आधी एखादा खिळा रिकामा दिसला की काका भोंगा वाजवतात आणि त्या नंबरला हाक मारतात. तीनदा. ज्याचा नंबर त्याने ओ द्यायची. तीन हाकांनंतर काका समुद्राकडे पाठ करून बसतात आणि मागे खिळ्यावर पत्रा वाजण्याची वाट बघतात. पाठ का, असं विचारलं, तर म्हणाले की त्यांचे वडीलही अशीच करायचे. बिल्ले मोजायचे, तोंडं बघायची नाहीत.

मला सतरा नंबर दिला. एवढ्या गांभीर्याने तर आमच्या ऑफिसात तिजोरीची किल्लीही देत नाहीत.

बेटावर पाहिलेले पक्षी: लांब चोचीचे तपकिरी, आखूड चोचीचे तपकिरी, आणि एक नुसताच तपकिरी. येताना मी मुद्दाम खांबांची वाट सोडली, सीलच्या खडकाकडून वळसा घातला आणि न्हाणीघरांमागच्या कुंपणावरून आत आलो. बिल्ला खिशात. तंबूसमोर चहा घेऊन बसलो आणि गंमत बघत राहिलो. भोंगा वाजला. सतरा. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले. पुन्हा सतरा. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी कप खाली ठेवला. तिसऱ्यांदा सतरा. मी बिस्कीट बुडवून खाल्लं. अर्ध्या तासाने काका कार्यालयात येऊन मालकीणबाईंना सांगून गेले की आकडा जुळला. बिल्ला माझ्या खिशात आणि यांचा आकडा जुळला. असे हे कारभारी.

टिकलीला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, रविवारी तूही हेच करायचं. खोपीत लपायचं, नंबर पुकारला की तोंडावर हात ठेवायचा आणि अजिबात ओ द्यायची नाही. हसून हसून तिला उचकी लागली.

बुधवार, ५ तारीख

बिल्ला परत करायला गेलो. म्हटलं, म्हाताऱ्याची जरा फिरकी घ्यावी. फळीवर सतरा नंबरच्या खिळ्याला बिल्ला होता. ओला होता, आणि त्यातून खालच्या फळीवर थेंब गळत होते. माझा खिशात हाताला लागत होता. दोन्ही बिल्ल्यांवर सात आकड्याच्या पोटात तोच पोचा.

काकांना विचारलं. ते म्हणाले, काल तुम्ही उशिरा आलात, पण आलात ते बरं झालं. पाठ होती त्यामुळे पाहिलं नाही, पण तुम्ही आभार मानलेत, उशिराबद्दल माफी मागितलीत. चांगलं वळण आहे तुम्हाला. मी सांगितलं की मी कुंपणावरून आलो आणि आभार कुणाचेही मानले नाहीत. यावर ते म्हणाले की खिळा भरला की त्यांचं काम संपतं.

उघड आहे, त्यांच्याकडे जादाचे बिल्ले असणार आणि आकडा जुळला नाही की ते हळूच एक अडकवून मोकळे होतात. पाणी कुठलं ते विचारायचं राहिलं.

गुरुवार, ६ तारीख

काल रात्रीपर्यंत पुस्तिकेची सहा पानं झाली होती. सभ्य भाषेत, पण जे आहे ते लिहिलं होतं. आज सकाळी मालकीणबाई समोरून हसत आल्या आणि म्हणाल्या, सकाळी दिलेली पानं वाचली, डोळ्यांत पाणी आलं. मी सकाळी काही दिलं नव्हतं. पानं मागून घेतली. अक्षर माझं. माझा ट चा टोकदार शेंडा, माझ्या अर्धवट वेलांट्या. मजकूर असा: दीपगृहाला दिवा नसला तरी वाट चुकत नाही. सील तुमच्याकडे प्रेमाने बघतात. ओहोटीला पाण्याच्या कडेपर्यंत चालत या, लहान मुलांना जरूर आणा, भोंगा वाजला तरी घाई करू नका.

कागद दमट होते. घडीत बारीक रेती होती.

कुणीतरी माझी टर उडवतंय. चांगली उडवतंय, हे मान्य. मूळ पानं माझ्या पिशवीत तशीच आहेत. मालकीणबाईंना ती दाखवायला गेलो, तर त्या दुसऱ्या कुणाशी बोलत असल्यासारखं माझ्यावरून पुढे बघत राहिल्या. हा उद्धटपणा त्यांच्यात आधी नव्हता.

शुक्रवार, ७ तारीख

भोजनघरात कुणी मला सूप वाढलं नाही. दोनदा मागितलं. शेवटी स्वतः उठलो, तर माझ्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसला. करडा स्वेटर, कोपराला बायकोने घातलेलं रफू. मी माझ्या कोपराकडे पाहिलं. रफू तिथेही आहे.

चेहरा लिहीत नाही. रोज दाढी करताना बघतो तोच आहे.

तो छान बोलतो. शेजारच्या बाईंना त्याने सीलबद्दल काहीतरी सांगितलं आणि त्या खळखळून हसल्या. माझ्या बोलण्यावर त्या चार दिवसांत एकदाही हसल्या नव्हत्या. आधी मला रागच आला, की हा माझ्यापेक्षा बरा वाटतो. भीती नंतर वाटली, हात धुताना. नळ मी सोडला तर पाणी येतं, पण माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी थेट माझ्या हातातून हात घालून नळ बंद केला, आणि कुणी चालू ठेवला म्हणून कुरकुरल्या.

शनिवार, ८ तारीख

काकांसमोर ओरडलो. ऐकत नाहीत. बघत नाहीत.

बायकोला फोन केला. ती हॅलो हॅलो म्हणाली आणि वारा फार आहे म्हणत ठेवून दिला. मग कार्यालयातून त्याने केला. मी शेजारी उभा होतो. तो म्हणाला, लवकर या, मला तुमच्याशिवाय करमत नाही. असलं वाक्य मी लग्न झाल्यापासून उच्चारलेलं नाही. पलीकडून बायको हसली.

रस्त्यावर जाऊन बसची वाट पाहिली, म्हणजे त्यांना वाटेतच गाठता येईल. दोन बस आल्या. एकही थांबली नाही.

दुपारी त्याचा बिल्ला काढायला गेलो. खिळ्यावरून निघेना. मग माझा त्याच खिळ्यावर अडकवला. काका मोजायला आले. आकडा एकने जास्त भरला. त्यांनी वरचा काढला, उलटसुलट पाहिला, आणि जादाचा म्हणून चिखलात फेकून दिला. मी गुडघे टेकून शोधतोय. सापडत नाही.

एक गोष्ट कळली. ही वही कार्यालयाच्या मेजावर राहिली होती. मालकीणबाईंनी ती उचलली, कालचं पान वाचलं आणि त्याला दाखवली. तो म्हणाला, गोष्ट लिहितोय, घाबरवणारी. दोघं हसले आणि बाईंनी ती हरवल्या वस्तूंच्या खोक्यात टाकली. म्हणजे मी दिसत नाही, पण लिहिलेलं दिसतं. वही मी परत घेतली.

रविवार, ९ तारीख. सकाळ

आल्या. टिकली धावत त्याच्या गळ्यात पडली. बायको म्हणाली, समुद्र मानवला की तुला. किती वेगळा वाटतोस.

मी तिच्या हातभर अंतरावर होतो. वहीचं पान उघडून समोर धरलं. त्याने शांतपणे माझ्या हातातून वही काढून घेतली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली. मी ती पुन्हा बाहेर काढली. त्याला मी दिसतो. एकट्या त्यालाच. माझ्याकडे बघून आदराने मान झुकवली त्याने. मी फाटकाशी कधीच कुणाचे आभार मानले नाहीत —

दुपार

 तो आणि टिकली फाटकाशी आहेत. बायको तंबू लावतेय. टिकलीला अकरा नंबर मिळाला. तिने बिल्ला दोन्ही हातांनी धरलाय, काका तिच्याकडे बघून पहिल्यांदाच हसले. काका, तोंड बघून ठेवा तिचं. एवढं एक तोंड तरी बघून ठेवा.

मी मागेमागे चालतोय. खांबांच्या कडेने. तो तिला लांब चोचीचे पक्षी दाखवतोय, प्रत्येकाचं नाव सांगतोय. मला एकाचंही माहीत नाही.

खोपीत

तिला बाकाखाली बसवलं. म्हणाला, आपलं ठरलंय ना, फोनवर? ओ द्यायची नाही. बिल्ला खिशातच ठेवायचा. तिने मान डोलावली. माझेच शब्द. मीच शिकवलेत.

तो परत गेला. एकटा. त्याचा सतरा खिळ्यावर अडकवला असेल. आता अकराच रिकामा.

तिचा दंड धरून ओढतोय. ती खांदा उडवते, माशी बसल्यासारखा. कानात ओरडलो. ती स्वतःशीच हसतेय.

खोपीच्या मागच्या बाजूला, समुद्राकडून, चिखलात पावलं उमटतायत. लहान. टिकलीच्याच मापाची. कुणी दिसत नाही. एक पाऊल, मग थांबतं. ऐकतंय.

भोंगा.

अकरा.

तिने तोंडावर हात ठेवला. पावलं दाराशी —

टिकली, इथे बघ. तुझ्यासमोर वही आहे. बाबाची वही. ओ दे. मोठ्याने ओ दे. तो खेळ नाही, बाबा चुकला, बाबाला सगळ्यांची थट्टा करायची सवय —

मोठं लिहितो.

ओ दे

अकरा. दुसरी.

तिने वही पाहिली. पाहिली. पुढे ओढली. बोट ठेवतेय. वरून, वरून सुरू केलं तिने, पानाच्या अगदी वरून, खो, पी, त — नाही बाळा, खाली, मोठी अक्षरं, खाली बघ, खाली

ओ दे ओ दे

बोट सरकतंय. सावकाश. भोंगा पुन्हा — बाळा फक्त ते एक अक्षर, ओ, नुसतं ओ म्ह