कडेवर कोरलेलं

झुंबरआत्यास, सुरतेहून राजेश्रीचा दंडवत.

आत्या, मानवतच्या भारतरावांचं स्थळ तुमी जमवायलात, पण माझी सोडचिठ्ठी लपवून. मला ते पटंना. इथं लॅबमधी आमी तपकिरी हिरा मशीनमधी लय दाबून, तापवून पांढरा करतो. हिरा खाणीतलाच, अस्सल. तरी त्याच्या कडेवर 'रंग बदललेला' असं लेझरनं बारीक कोरतो. ते काम माझंच. गिऱ्हाईक ते वाचूनबी खुशीनं घेतं.

म्हणून काल मीच भारतरावांना फोन करून समदं सांगितलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, "माझीबी सोडचिठ्ठी झालीय. सांगू नका, असं तुमच्या आत्याच म्हणाल्या."

आता हे पत्र टपालात टाकत न्हाई. रविवारी आमी दोघं मिळूनच ते घेऊन येतो. वाचताना तुमचं तोंड बघायचंय मला.

तुमचीच भाची,
राजेश्री