तबारकच्या नवसाच्या रोट्या

अबू मयसम,

"यम्मा, विमान उडेपर्यंत गल्लीत कुणाला सांगायचं नाही हं," असं आपल्या तबारकने मला बजावलं होतं. मी नाही सांगितलं. शेजारची सज्जादची आई रोज विचारायची, "लग्न न लावता पोरीला काय लोणच्यात घालणार?" तेही गिळलं.

सकाळी विमान उडालं. तुम्ही रागाने खोलीचं दार उघडलं नाहीत, ती बाहेरूनच सलाम करून गेली. तिचा फोन आला की उचला. आज घर झाडू नका, माणूस नुकतं प्रवासाला गेलंय.

भात झाकून ठेवलाय, माझा रोजा आहे. हजरत अब्बासांना बोललेल्या नवसाच्या रोट्या वाटायला निघालेय. दारोदार विचारतील, नवस कसला? आज सांगेन, आमची लेक जर्मनीला डॉक्टरेट करायला गेली, बसऱ्याच्या नळाचं खारं पाणी गोडं कसं होईल ते शोधायला.

रोट्या गरम आहेत, येते.

तबारकची आई