नळाच्या पाण्याचं उत्तर

मंगळ., ८ जुलै
खोकी आली एकदाची. कुठल्याशा कंपनीच्या सीएसआर निधीतून आमच्या नेरूळच्या शाळेला भिंतीएवढा टचपॅनल, नववीसाठी टॅब, शिवाय पीएच आणि तापमान मोजायचे सेन्सर. खरं सांगायचं तर सेन्सर बघून जीव हरखला. इतकी वर्षं लिटमसच्या पट्ट्या कात्रीने कापून दोन-दोन मुलांत एक वाटतेय.
सोबत ट्रेनर आला होता, गळ्यात आयकार्ड. "मॅम, यू डोंट हॅव टू टीच. ॲप करेल सगळं. मुलं रीडिंग टाकतात, ॲप चेक करतं. बरोबर तर हिरवं, चूक तर लाल." मग मी काय करायचं विचारलं, तर म्हणे, "यू जस्ट फॅसिलिटेट."
मु.अ. सरांनी सगळं कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. नवं आहे, खराब व्हायला नको म्हणे.

गुरु., १० जुलै
गुरुपौर्णिमा. पॅनलची पूजा. हार, नारळ, उदबत्ती, सगळं यथासांग. मु.अ.नी स्क्रीनच्या मधोमध हळदीकुंकवाचं ओलं बोट उठवलं आणि वर जास्वंद चिकटवली. झालं! पॅनलला वाटलं कोणीतरी सतत बोट दाबून धरलंय. ॲप आपोआप उघडतंय, बंद होतंय, आवाज वाढतोय, मुलं खिदळतायत. ट्रेनरला फोन लावला. "मॅम, स्क्रीन पे कुछ लगा है क्या?" 
पॅनल माझ्या ओढणीने पुसला. पिवळा डाग ओढणीला कायमचा. उद्घाटन पार पडलं.

बुध., १६ जुलै
किल्ली मिळाली (तिसऱ्यांदा मागितल्यावर). नववी ब, पहिलं प्रात्यक्षिक: पीएच. लिंबूरस, साबणाचं पाणी, नळाचं पाणी. एका टेबलावर एक टॅब, पण प्रत्येकाने आपापल्या नावाने रीडिंग टाकायचं.
मी मागच्या टेबलावर सेन्सर पाण्यात कसा बुडवायचा ते दाखवतेय तोवर पुढची सगळी टेबलं हिरवी. एवढ्यात? जाऊन बघते तर सेन्सरचं टोपण सुद्धा काढलेलं नाही. पुस्तकात "उदासीन म्हणजे ७" आहे, सगळ्यांनी पुस्तकातलेच आकडे उचलले, पाण्याला ७ टाकून मोकळे. ॲपने टाळ्या वाजवल्या, चांदण्या उडवल्या.
वर्गात एकच लाल. हर्षाली म्हात्रे. करावे गावातली, शेवटच्या बाकावरची. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, आज लाल बघून चक्क भांडली.
"मॅडम, यो तर सात पॉइंट आठ दाखवतंय. मंग मी सात कसा लिवू?"
तिने एकदा नाही, पाणी बदलून बदलून मोजलं होतं. सेन्सर बिघडलाय का म्हणून मी सोबत आलेल्या ठरीव पीएचच्या द्रावणात बुडवून बघितला. अगदी बरोबर. नळाचं पाणी काही शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी नव्हे, त्यात क्षार असतात, सात पॉइंट आठ येणारच. पोरीचं शंभर टक्के बरोबर. आणि तिच्याच नावापुढे लाल ठिपका.

शुक्र., १८ जुलै
हेल्पलाइन. गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली.
"मॅम, आन्सर की में सेव्हन है।"
म्हटलं, आमच्या नळाला तुमची आन्सर की माहीत नाही.
"मॅम, स्टुडंट को बोलिए सेव्हन डाले।"
तक्रार नोंदवली म्हणे. तिकीट नंबर आला. तिकीट हातात आहे, गाडीचा पत्ता नाही.

मंगळ., २२ जुलै
आज नवीन प्रकार. ॲपने वर्गाचे दोन गट पाडले: "शोधक" आणि "पाया". लाल ठिपके पडले की पाया गट. या गटाने प्रात्यक्षिकाच्या तासाला प्रयोगशाळेत यायचं नाही, पॅनलपुढे बसून व्हिडिओ बघायचे. म्हणजे ज्याला प्रयोग जमत नाही त्याला प्रयोग करू द्यायचा नाही. धन्य आहे.
पाया गटात कोण? हर्षाली, आणि तिच्यासोबत चारजण, जे त्या दिवशी गैरहजर होते (रीडिंग नाही म्हणजेही लाल).
व्हिडिओत एक डोळेवाला पाण्याचा थेंब आहे. तो नाचतो आणि म्हणतो, "मी आहे पाणी, माझा पीएच सात!" हर्षाली हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होती. मला मान वर करवेना.

शनि., २६ जुलै
हर्षालीची आई आली. पालकांच्या मोबाइलवर ॲप परस्पर मेसेज पाठवतं हे मला आज कळलं! "आपल्या पाल्याचा विज्ञानाचा पाया कच्चा आहे." वर रडका चेहरा.
बाई तावातावाने आल्या आणि बोलता बोलता रडवेल्या झाल्या. "मॅडम, पोर बोलतं मी अकरावीला सायन्स घेनार. तिचे बापाने मेसेज वाचला. तो बोलतो, मशीन खोटा बोलल काय? कच्ची हाय तर सायन्स कशाला, आर्टला घाल."
म्हटलं, ताई, वर्गात तिच्याइतकं पक्कं कोणी नाही.
"मंग यो असा का लिवलाय?"
 सेन्सर बरोबर, पोरगी बरोबर, उत्तर चूक, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू माझाच पाया कच्चा असावा. नवऱ्याला तसंच सांगेन म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

सोम., २८ जुलै
मु.अ.शी बोलले. सर खुशीत होते. डॅशबोर्डवर आपली शाळा सगळ्यांत वर, सीवूड्सच्या इंग्लिश मीडियमलाही मागे टाकलं!
"सर, मुलं न मोजता सात टाकतायत म्हणून आपण वर आहोत."
"माने मॅडम, आपण तरी काय केलं? आधी जर्नलात रीडिंग, मग प्रयोग. तरी पास झालोच की. टेन्शन घेऊ नका. त्या मुलीला सांगा, सात टाक. हिरवी होईल, विषय संपेल. बारा तारखेला कंपनीवाले बघायला येतायत."
वर्गावर गेले ती धुसफुसतच.
घरी ह्यांना सांगितलं. हे दिवसभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात डोकं पिकवून आलेले. म्हणाले, "तू भांडत बसशील आणि पोरगी राहील बाजूला. सात टाकायला लाव ना." सगळ्यांना एकच तोडगा सुचतो.

गुरु., ३१ जुलै
केलं. हर्षालीला बाजूला घेतलं. म्हटलं, टॅबमध्ये सात टाक, प्रयोगवहीत खरं लिही. तुला प्रयोगशाळेत यायचंय ना?
"दोन दोन लिवायचं?"
हो म्हटलं. तिने टाकलं. लाल गेलं, चांदण्या उडाल्या. ती हसली नाही. मीही नाही. आईच्या मोबाइलवर "अभिनंदन" गेलं असेल.

मंगळ., ५ ऑगस्ट
हर्षाली शोधक गटात परत. आज उकळत्या मिठाच्या पाण्याचं तापमान. म्हटलं, आता हिच्या हाताला काम मिळालं. तिच्या टेबलापाशी गेले तर टॅब हिरवा, आणि मीठ पुडीत तसंच. बर्नरही पेटवलेला नाही. मैत्रिणीशी गप्पा.
"अगं, मोजलं नाहीस?"
"काय मोजायचा, मॅडम? जे उत्तर पाहिजे ते माहीत हाय ना."
उद्धटपणा नव्हता त्यात. मी शिकवलेलंच तिने मला दाखवलं. वर्गात खरं मोजणारी एक होती, तिलाही मी चाळीसजणांसारखी करून टाकली. स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता. पुढचा तास मी पोरांवर उगाच खेकसले.

मंगळ., १२ ऑगस्ट
कंपनीवाले आले. पायघड्या, रांगोळी, पॅनलला नवा हार (या वेळी स्क्रीनपासून लांब). प्रात्यक्षिक दाखवायला मु.अ.नी हर्षालीलाच उभं केलं. गावातली मुलगी, फोटो छान येतो.
पाहुण्यांत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. नीट बघत होत्या. त्यांनी पर्समधून स्वतःची बाटली काढली. "हे माझ्या घरचं फिल्टरचं पाणी. याचं मोज बरं."
हर्षालीने सेन्सर बुडवला. किती दिवसांनी टोपण निघालं. आकडा हलला, स्थिरावला: सहा पॉइंट तीन. पॅनलवर रकाना आला, "पाणी", पुढे रिकामी चौकट. तिचं बोट तिथंच थांबलं. वळून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं,
"मॅडम, खरा लिवू का हिरवा?"
लोक हसले. त्यांना गोड वाटलं. मु.अ. हसले नाहीत, त्यांनी पाहुण्यांमागून मला सातच म्हणून खुणावलं.  पण दुसऱ्यांदा ते माझ्याच्याने झालं नसतं.
"खरं लिही."
भिंतीएवढं लाल. "अरेरे! पुन्हा प्रयत्न कर!" थेंब रडायला लागला. बाईंनी विचारलं, चुकलं कुठं?  हर्षालीच म्हणाली, "चुकला नाय. तुमचा पानी असाच हाय." बाईंनी बाटलीकडे बघितलं, मग पॅनलकडे, आणि काहीतरी टिपून घेतलं. चहा झाला. पाहुणे गेले. मु.अ.नी माझ्याशी बोलणं टाकलंय.

बुध., १३ ऑगस्ट
सकाळी यादी. हर्षाली पुन्हा पाया गटात.
तास सुरू झाला. तिला म्हटलं, बस इथंच, यादी मी बघते. विषय पाणीच ठेवला. एवढंच सांगितलं की टोपण काढा, मोजा, जे दिसेल ते टाका. "मॅडम, लाल येईल." येऊ दे म्हटलं.
पहिल्यांदा कोणी धजेना. मग खिडकीकडच्या टेबलावर एक लाल. मग बाजूच्यावर. मग चढाओढच लागली. तुझं सात पॉइंट सात कसं, माझं आठ कसं, ग्लास धुतला होतास का, साबण राहिला असेल, पुन्हा घे. भांडणं, पाणी सांडलेलं, सगळा गोंधळ. आणि ते भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलं की गप्प बसा म्हणायचं विसरले. ऊर्ध्वपातित पाणी वाट्याला आलेल्या टेबलाने सुद्धा सहा पॉइंट एक टाकलं, कारण तेवढंच आलं. का आलं ते उद्या शिकवायचंय.
आख्खा वर्ग लाल. म्हणजे नियमाप्रमाणे आख्खी नववी ब पाया गटात. प्रयोगशाळेत कोणीच नाही, थेंबापुढे सगळे.
दुपारी शिपाई आला: डॅशबोर्डवर शाळा तळाला गेलीय, उद्या आठ वाजता केबिनमध्ये. कपाटाची किल्लीही परत मागितलीय. हेल्पलाइनचा मेसेजही आजच: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काय निकाली काढलं देव जाणे.
संध्याकाळपासून फोन वाजतोय. चाळीस घरांत रडके चेहरे पोचलेत. एकदोघांनी नीट ऐकून घेतलं, एकाने वर तक्रार करतो म्हणून ठेवून दिला. आत्ता हर्षालीची आई.
"मॅडम, तिचे बापाला चाळीतल्या समद्यांनी मेसेज दाखवला. समद्यांचीच पोरं कच्ची?"
म्हटलं, ताई, सांगून पटायचं नाही. उद्या आठला तुम्हीच शाळेत या, तिच्या बाबांनाही आणा. घरचं पाणी घेऊन या. तुमच्यासमोर ती मोजेल, मग ठरवा कोण कच्चं ते.
पलीकडे नवऱ्याशी कुजबुज. मग बाई पुन्हा फोनवर.
"पानी कंचा आनू? नलाचा का बोरिंगचा?"
"दोन्ही आणा."